अरुणा, तू परत पाठवलेले संगणक

अरुणा,

शाळेत तुझी शोकसभा झाली. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या, पोरं वर्गवार बसली होती, आणि पुढं एका बाकावर तुझा फोटो ठेवला होता. फोटो कुठला ते कळलं असतं तर तू वैतागली असतीस. ओळखपत्रासाठी काढलेला, डोळे अर्धवट मिटलेले, तोच मोठा करून आणला होता. हेडसर बोलले, सरपंच बोलले, मग माजी विद्यार्थी एकेक करून उठले. सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येत होतं, की अरुणाबाईंनी या शाळेत संगणक आणले. माईक माझ्याकडे आला तेव्हा मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मला जे सांगायचं होतं ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

संगणक तू आणलेस हे खरंच आहे. पण त्याच्या आधी तू ते परत पाठवले होतेस, टेम्पो भरून. कोणाला ते आठवत नव्हतं, की आठवत असूनही कोणी विषय काढला नाही, मला माहीत नाही. मला मात्र तुझी आठवण आली की तो टेम्पोच आधी दिसतो. त्या टेम्पोवरून आपण जे भांडलो ते पुरं झालंच नाही. तू मध्येच उठून गेलीस. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपण दोघी एकाच वर्षी या शाळेत लागलो. तू गणिताची, मी मराठीची. सोलापूरहून एसटीनं मोहोळ आणि तिथून वडापच्या जीपनं आत गाव. त्या प्रवासात आयुष्याचा केवढा भाग गेला आपला. जीपमध्ये मांडीवर गठ्ठा घेऊन तू पेपर तपासायचीस, आणि मार्कांची बेरीज करताना तुझे ओठ तेलुगूत हलायचे. ओकटी, रेंडू, मूडू. तुझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं, दिवसभर मागांचा खडखडाट ऐकत वाढलेली तू. मराठी तू आमच्यापेक्षा नीटनेटकं बोलायचीस, पण आकडे मात्र तुझ्या आईच्याच भाषेत राहिले. वर्गातली पोरंसुद्धा तुझ्यामागं ओकटी-रेंडू करायला शिकली होती. माळावरच्या मेंढपाळाची पोरगी तेलुगूत पाढा म्हणते, हे मी फक्त तुझ्या वर्गात पाहिलं.

ती मेंढपाळाची पोरगी म्हणजे सारिका. तिचे आईवडील सांगोल्याकडचे, मेंढरं घेऊन फिरत फिरत या गावच्या माळावर वस्तीला राहिलेले. चराईच्या दिवसांत ती महिना-महिना यायची नाही, आणि आली की शेवटच्या बाकावर बसायची. त्या वर्षी ती नववीत होती. तू घरचा लॅपटॉप पिशवीतून आणायला लागली होतीस. शाळेत तेव्हा संगणक असा एकच, हेडसरांच्या खोलीत, तोही टपालाच्या कामाचा. तुझ्या लॅपटॉपवर त्रिकोण काढता यायचा आणि त्याचा एखादा कोपरा धरून हवा तिकडं ओढता यायचा. कोपरा ओढला की तिन्ही कोन बदलायचे, बेरीज मात्र एकशे ऐंशीच राहायची. तू मला मुद्दाम बोलावलंस ते बघायला. अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला होता. पुढं सरपंचांचा पुतण्या आणि त्याचे दोस्त, त्यांच्यामागं बाकीची मुलं, त्यांच्यामागं मुली, आणि सगळ्यांत मागं टाचा उंचावून सारिका.

मुलं आळीपाळीनं कोपरा ओढत होती आणि हसत होती. तास संपत आला तेव्हा मागून सारिकाचा आवाज आला, "बाई, मी एकदा वढू का?"

तू म्हणालीस, "ये की." गर्दीतून वाट काढत ती पुढं यायला लागली, तेवढ्यात घंटा झाली आणि इंग्रजीचे सर दारात येऊन उभे राहिले. तू लॅपटॉप मिटलास. सारिका अर्ध्या वाटेतून वळून जागेवर गेली.

त्या दिवशी जीपमध्ये तू पेपर काढलेच नाहीस.  मग म्हणालीस की पुढं उभ्या असलेल्या पोरांना बेरीज पटली, मागच्यांनी फक्त माना हलवल्या. "ओढणाऱ्याला ते गणित वाटतं, मीना. मागनं बघणाऱ्याला ते नुसतं चित्र वाटतं." मी म्हणाले, एका लॅपटॉपवर किती होणार, जे झालं ते कमी आहे का. तू काही बोलली नाहीस. म्हणजे तुला पटलं, असं मला तेव्हा वाटलं. ते तसं नव्हतं हे मला पुढं कळलं.

मग टेम्पो आला. हेडसरांच्या ओळखीनं पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातले जुने संगणक आपल्या शाळेला मिळणार होते. तिथं नवीन घेतले होते, म्हणून जुने शाळांना वाटत होते. हेडसर महिनाभर त्याच आनंदात होते. मंडप ठरला, पाहुणे ठरले, त्यांच्या नावांचा बोर्ड फाटकावर लागला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि संगणकाचा कोर्स केलेली शिक्षिका म्हणून माल उतरवून घ्यायचं काम तुझ्याकडे आलं.

दुसरं कोणी असतं तर खोके मोजून सही केली असती. तू व्हरांड्यात वायर ओढलीस आणि एकेक संगणक लावून बघायला बसलीस. नशिबानं दिवसा लाईट होती. मी माझे तास संपवून आले तेव्हा तू खडूनं खोक्यांवर खुणा करत होतीस, बरोबरची आणि चुकीची, जशा वहीत करायचीस तशाच. निम्म्याहून जास्त खोक्यांवर चुकीची खूण होती. काही सुरूच होत नव्हते, काही सुरू होऊन तापले की बंद पडत होते, काहींच्या पडद्यावर नुसत्या रेघा. बरोबरची खूण असलेल्यांपैकीही तुझा त्रिकोण ज्याच्यावर नीट हलेल असे चारच.

हेडसर आले. त्यांनी खुणा बघितल्या आणि ओल्या फडक्यानं पुसायला सांगितल्या. त्यांचं म्हणणं होतं की उद्या सगळे ओळीनं मांडून ठेवा, फोटो होऊ देत, पाहुणे जाऊ देत, दुरुस्तीचं मग बघू. एवढं सांगून ते मंडपवाल्याकडे गेले. तू खुणा पुसल्या नाहीस. टेम्पोवाल्याकडून पुण्याच्या माणसाचा नंबर घेतलास आणि फोन लावलास. मी शेजारीच उभी होते.

तू त्याला सरळ सांगितलंस की चालणारे ठेवून घेते, न चालणारे परत न्या, जमलं तर त्यांच्या जागी चालणारे द्या. तो माणूस दुखावला. देणगी आहे ही, खरेदी नाही, असं काहीसं म्हणाला. मग म्हणाला, ठेवायचे तर सगळे ठेवा, नाहीतर सगळे पाठवून द्या, आम्हाला नोंद एकदाच करायची आहे.

तू फोन कानाला धरूनच त्या चार खोक्यांकडे बघितलंस. मला वाटलं आता तू हो म्हणशील. कोणीही म्हटलं असतं.

"पाठवते," तू म्हणालीस.

तुझं कारण मला तू नंतर सांगितलंस, आणि ते मूर्खपणाचं नव्हतं हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. सगळे ठेवून घेतले तर कागदावर आपल्या शाळेत भरपूर संगणक झाले असते. मग पुढची कित्येक वर्षं कोणी आपल्याला एकही दिला नसता. विचारायला गेलो असतो तर म्हणाले असते, तुमच्याकडे आहेत की. चालतात का, हे कोणी विचारलं नसतं. बंद मशीनची एक खोली आणि बाहेर संगणक कक्षाची पाटी, अशा शाळा तू पाहिल्या होत्यास. तू म्हणायचीस, संगणक नाही हे कोणाला तरी दिसतं. बंद संगणक आहे हे कोणालाच दिसत नाही.

पण मला दिसत होती ती चार चालणारी मशीनं. आणि सारिकाचा वर्ग, जो पुढच्या वर्षी दहावी होऊन जाणार होता. हेडसर परतायच्या आत टेम्पो वळला, तेव्हा फाटकावर पाहुण्यांच्या नावांचा बोर्ड तसाच होता, आणि जाळीच्या खिडकीतून पोरं बघत होती. त्या संध्याकाळी जीपमध्ये मी तुला विचारलं, या वर्षीच्या पोरांचं काय. पुढं कधीतरी नीट होईल म्हणून यांनी काहीच न बघता जायचं का. त्या चार मशीनांवर सारिकानं एकदा तरी तो कोपरा ओढला असता.

"नसता ओढला," तू म्हणालीस. "तिच्यापुढं कोण कोण उभं राहिलं असतं ते तुला माहीत नाही का?"

मी म्हणाले, मग त्यांना बाजूला करायचं होतं, तू बाई आहेस वर्गावरची. तू म्हणालीस, एक दिवस करीन, दोन दिवस करीन, वर्षभर कोण करणार. त्यावर आपण एवढं बोललो की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तू पुढच्या सीटवर आणि मी मागच्या. कितीतरी महिने गेले तसे. पेपर तपासणारी तुझी पाठ तेवढी मला दिसायची.

तुझ्यावर जे गुदरलं ते मी बघत होते. हेडसरांनी संगणकाचं काम तुझ्याकडून काढून घेतलं, म्हणजे नसलेल्या संगणकांचं. गावात बोलणं झालं, बाईला लई कळतंय म्हणून. कोणी तोंडावर, कोणी माघारी. पालक सभेत एकानं विचारलं की फुकट आलेलं परत धाडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. तू उभी राहिलीस आणि शांतपणे म्हणालीस की अधिकार नव्हता, पण सही माझी होणार होती. खाली बसलीस तेव्हा तुझ्या बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी दोन खुर्च्या सोडून बसले होते, आणि तुझ्यावर चिडलेली असूनही मला वाटलं की ही एकटी नको पडायला.

सारिकाचा वर्ग दहावी होऊन गेला. काही न बघता.

मग तू कामाला लागलीस. आणि गंमत म्हणजे संगणकापासून नाही, लाईटपासून. आपली शाळा गावाबाहेर, शेतांच्या मध्ये. शाळेची लाईट शेतातल्या मोटारींच्या लाईनवर होती, म्हणजे काही आठवडे दिवसा आणि काही आठवडे फक्त रात्री. खडू-फळ्याला त्यानं काही बिघडत नव्हतं. तू म्हणालीस, उद्या कोणी वीस नवे संगणक दिले तरी आपण आठवडा-आठवडा त्यांची धूळ पुसत बसू. ग्रामसभेत उठून बोललीस. शाळा सुटल्यावर मोहोळच्या लाईटच्या ऑफिसात जायचीस, तिथून उशिरा घरी. गावठाणाची लाईन शाळेपर्यंत आणायची तर एका शेताच्या बांधावर खांब येत होते आणि शेताचे मालक, म्हातारे तात्या, ऐकायला तयार नव्हते. तू त्यांच्या वस्तीवर जाऊन बसलीस. एकदा नाही, अनेकदा. लाईटचं काहीच बोलायची नाहीस म्हणे. त्यांची नात सातवीत होती, तिची वही घेऊन बसायचीस आणि तिच्याकडून गणितं सोडवून घ्यायचीस. शेवटी तात्याच म्हणाले, "रोवा खांब बांधावर. पर माज्या इहिरीपासनं लांब."

शाळेत दिवसभर लाईट राहायला लागली त्या आठवड्यात हेडसरांनी स्वतःहून कोपऱ्यातली खोली रिकामी करून दिली.  नकाशांचे रूळ आणि मोडकी बाकं उचलायला ते बाह्या सरसावून आले होते, ते मला आठवतं. माणूस वाईट नव्हता आणि नाही. त्यांना शाळेचं भलं दिसायला हवं होतं, तुला ते चालायला हवं होतं.

आणि मग संगणक येत गेले, एकेक, दोन-दोन. देणारे म्हणजे पुण्याला नोकरीला लागलेले आपले माजी विद्यार्थी, तुझ्या माहेरच्या गल्लीतला एक कारखानदार, ज्यानं ऑफिस बंद केलं होतं. प्रत्येकाला तू तेच सांगायचीस, की आधी चालू करून दाखव, मग दे. काहींना राग यायचा. बऱ्याच जणांना मात्र हे बरं वाटायचं, कारण इतकं विचारून घेणारी बाई दिलेली वस्तू वापरणार हे त्यांना कळायचं. ज्यानं दिला त्याच्याकडूनच तू कबूल करून घ्यायचीस की बिघडला तर येऊन बघीन. माहेरच्या मागावरचे डाग पडलेले टॉवेल आणून तू त्यांची कव्हरं शिवलीस. उंदरांसाठी खिडक्यांना बारीक जाळी लावलीस. खोलीला कुलूप होतं, पण किल्ली कधीही हेडसरांच्या कपाटात नसायची, खिळ्याला टांगलेली असायची.

सगळं झालं तरी अख्ख्या वर्गाला पुरतील एवढे नव्हतेच. तेव्हा तू माझ्याकडे आलीस. मोठ्या सुट्टीत, डबा हातात घेऊन. टेम्पोचा विषय काढला नाहीस, अबोल्याचाही नाही. म्हणालीस, "अर्धा वर्ग तू घे मराठीला, अर्धा मी घेते आत. मग अदलाबदल. तुझ्याशिवाय होत नाही हे." एका मशीनला दोन पोरं, आणि तास अर्धा झाला की तू टाळी वाजवून म्हणायचीस, हात बदला. मी हो म्हणाले. त्या दिवसापासून तू परत माझ्याशेजारी बसायला लागलीस. एवढ्यावर आपला अबोला संपला, भांडण नाही.

माझ्या वाट्याला अर्धा वर्ग यायला लागला तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती तुला कधी सांगितली नाही. कमी पोरं समोर असली की मला त्यांची तोंडं दिसायला लागली. कविता वाचून झाल्यावर कोण खिडकीबाहेर बघतंय, कोणाला काहीतरी विचारायचं आहे पण धीर होत नाही, हे सगळं. इतकी वर्षं मी शिकवत होते आणि मागच्या दोन रांगा माझ्यासाठी नुसत्या रांगा होत्या. तुझ्या संगणकांमुळं माझा मराठीचा तास सुधारला. हे सांगायचं राहिलं.

आपण पुढंही भांडत राहिलो. एखादं मशीन बिघडलं की तू त्या जोडीला दुसऱ्या जोडीमागं उभं करायची नाहीस. त्या दिवशी तो अर्धा वर्गच फळ्यावर घ्यायचीस. मी म्हणायचे, अगं दोन पोरांसाठी बाकीच्यांचं नुकसान. तू म्हणायचीस, उभं राहायची सवय लागली की पोर आयुष्यभर मागंच उभं राहतं. मला ते अती वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पण खरं सांगायचं तर तू फळ्यावर घ्यायला लागलीस की ते मशीन फार लवकर दुरुस्त व्हायचं. सगळा वर्गच तुझ्या मागं लागायचा.

मग तुझं पोट दुखायला लागलं आणि तपासण्यांमध्ये जे निघालं ते निघालं. उपचार सुरू असताना मधले दिवस तू शाळेत यायचीस, डोक्याला रुमाल बांधून. पोरांनी एकदाही त्या रुमालाबद्दल विचारलं नाही. त्यांना कोणी सांगितलं होतं, की त्यांचं त्यांना कळलं होतं, कोण जाणे.

दवाखान्यात तुला शेवटचं भेटले तेव्हा श्रीनिवासराव चहा आणायला खाली गेले होते. इतकी वर्षं संसार केलेला तुझा नवरा मला म्हणाला होता की ती तुमच्याशी जास्त बोलते, जरा बसा. तू मशीनांची चौकशी केलीस. मी सांगितलं, सगळी चालू आहेत, एकाचा माऊस गेला होता तो बदलला. तुला बरं वाटलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं. त्या जागी तो विषय काढायचा नव्हता, पण निघून गेला. सारिकाच्या बॅचचं तुला कधी वाटतं का, मी विचारलं.

तू डोळे मिटूनच होतीस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "त्या पोरांना द्यायला माझ्याकडं उत्तर नाही, मीना. खूप शोधलं." पुढं म्हणालीस, "पण परत तसाच टेम्पो आला तर परत तेच करीन."

श्रीनिवासराव चहा घेऊन आले. मी तुझ्या पायावरची चादर सारखी केली आणि निघाले. तू बरोबर होतीस असं मला म्हणायचं नव्हतं. तू चूक होतीस असंही नाही. इतकी वर्षं एका माणसाशी एकाच गोष्टीवरून भांडायला मिळणं हे किती मोठं सुख आहे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही जमलं नाही.

तू गेल्यावर काही दिवसांनी मी सोलापुरात नवी पेठेत अस्तराचं कापड घ्यायला गेले होते. कापडाच्या दुकानात बिलाच्या टेबलाशी एक मुलगी संगणकावर भराभर आकडे टाकत होती. तिनं मान वर केली आणि खुर्चीवरून उठली. सारिका. गळ्यात मंगळसूत्र, बोलणं तेच. तुझ्याबद्दल तिला कळलं होतं. शोकसभेला यायचं होतं, पण सुट्टी मिळाली नाही. गिऱ्हाईक कमी झाल्यावर ती माझ्याशी बोलली. म्हणाली, या दुकानात लागले तेव्हा मशीनला हात लावायची भीती वाटायची, चूक झाली की मालक सगळ्यांदेखत बोलायचे, आणि रडत रडत शिकले. शाळेत थोडं जरी शिकले असते तर एवढं ऐकावं लागलं नसतं.

मी तिला विचारलं, बाईंचा राग येतो का.

तिनं माझ्याकडे बघितलं. "यायचा. अजून हाय थोडा," ती म्हणाली. मग कापडाची घडी पिशवीत घालता घालता म्हणाली, "पर आमची धाकटी बहीन हाय की आता तुमच्या शाळेत, आठवीत. ती घरी येऊन सांगते, मी आज ह्ये केलं, मी त्ये केलं. आमी सांगायचो, सरांनी ह्ये दाखवलं, बाईंनी त्ये दाखवलं. तिचं ऐकून मला बरं वाटतं, आन् वाईट पन वाटतं."

दुकानातून बाहेर आले तर रस्त्यात रिक्षा, हातगाड्या, माणसंच माणसं. मी एका बाजूला उभी राहिले. अरुणा, तुझी बाजू इतकी चांगली मांडलेली मी कधी ऐकली नव्हती. आणि माझीही. दोन्ही एकाच पोरीनं मांडल्या, पिशवीत कापड भरता भरता.

आता परवाचं सांगते. शाळा समितीची सभा होती. हेडसरांनी दोन विषय ठेवले होते. एक, त्या खोलीला तुझं नाव द्यायचं आणि तुझा फोटो लावायचा. दुसरा, यंदा प्रवेश वाढले आहेत, तर एका मशीनवर तीन-तीन पोरं बसवावीत, आणि आणखी एक देणगीदार जुने संगणक द्यायला तयार आहे, ते घेऊन टाकावेत.

नावाला कोणाची हरकत नव्हती. समितीत पालकांच्या वतीनं कमल आहे, सातवीतल्या पोरीची आई, दुसऱ्याच्या रानात कामाला जाते. सभेत ती सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "फोटू लावा की. पर वर बाईंचा फोटू आन् खाली मशीन बंद, असं नगा करू. त्या परीस नुसतं मशीन चालू ठिवा."

 मग मी म्हणाले की फोटोच्या आधी दुरुस्तीची सोय ठरवू या, दर वर्षी शाळेनं करायची, कोणाच्या मेहरबानीवर नाही. तीन पोरं एका मशीनवर बसवण्याला माझा विरोध आहे. आणि नवे येणारे आपण आधी लावून बघू, चालतील तेवढेच घेऊ, कागदावरही तेवढेच लिहू.

हेडसरांनी चष्मा काढला. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत ते. म्हणाले, "मीनाबाई, त्या वेळी तर तुम्ही माझ्या बाजूच्या होता."

"होते," मी म्हणाले. "अजूनही अर्धी आहे."

"आणि ते म्हणाले, सगळे ठेवा नाहीतर सगळे परत द्या, तर?"

खरा प्रश्न तोच होता, आणि तो त्यांनी चिडून विचारला नव्हता. त्यांना खरंच माझं मत हवं होतं. मी कमलकडे बघितलं. बाहेर आठवीची पोरं मैदानात खेळत होती. या वेळी पोरांजवळ आधीचे चालणारे संगणक आहेत, हे मला माहीत होतं. तुझ्याजवळ तेव्हा काहीच नव्हतं. म्हणजे माझं उत्तर तुझ्या उत्तराएवढं अवघड नव्हतंच.

"तर परत देऊ," मी म्हणाले.

हेडसरांनी तिथूनच देणगीदाराला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. पलीकडचा माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, अहो बरोबर आहे, बघून घ्या, चालतील तेवढे ठेवा, बाकीचे आम्ही नेतो. एवढंच. कोणी दुखावलं नाही, काही परत पाठवावं लागलं नाही. फोन ठेवल्यावर हेडसरांनी चष्मा परत लावला आणि ते सभेच्या वहीत लिहून घेतलं. मला तुझ्या बाजूच्या त्या रिकाम्या खुर्च्या आठवल्या, पालक सभेतल्या, आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर आले.

तुझ्या खोलीला नाव लागेल. फोटो दुसरा शोधतेय, श्रीनिवासरावांकडे एक आहे म्हणे, तू कोणावर तरी रागावलेली आहेस त्यात. तोच लावू.

आपलं भांडण मात्र मिटलेलं नाही, अरुणा. सारिकाच्या वर्गाचं काय, हे मी अजून तुला विचारते, जीपमध्ये, मोहोळपासून गावापर्यंत. पण आता तुझ्या वाटणीचं उत्तरही मलाच द्यावं लागतं. तू द्यायचीस तसंच देते, जराही सूट न घेता. आणि कधी कधी त्यात मी हरते.